तीन मीटर त्र्याऐंशी ते चार मीटर एकोणीस

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाआठला, माझा भाऊ कारखान्यात प्रेसमध्ये सापडून गेला.

कारखाना निघोज्याच्या अलीकडे आहे. तिथे गाड्यांचे पत्रे दाबून आकारात आणतात. प्रेस म्हणजे ते काम करणारं यंत्र: साचा वरून खाली येतो, मधल्या पत्र्याला आकार देतो, पुन्हा वर जातो. भाऊ त्या यंत्रावर अकरा वर्षं होता. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. रहाटणीच्या फ्लॅटमध्ये भाऊ, भावजय, पुतणी आणि मी असे राहत होतो.

फोन नऊ वाजता आला. फोन करणाऱ्याने आधी विचारलं, "मॅडम, तुम्ही बसलाय ना?" मी उभी होते आणि उभीच राहिले.

त्यानंतरच्या आठवड्यात जी माणसं घरी आली त्यांच्याबद्दल मला चांगलं लिहिता येणार नाही. त्यांनी चहा प्यायला, टीव्हीच्या वरच्या भिंतीकडे पाहिलं आणि नशिबाबद्दल बोलले. खालच्या मजल्यावरच्या एकाने चपला काढता काढता विचारलं, "हेल्मेट नव्हतं का घातलं?" प्रेसमध्ये सापडलेल्या माणसाला हेल्मेट. मी त्याला पाणी दिलं नाही. भावजयीने दिलं.

माझा खरा राग मात्र एका ॲपवर आहे, आणि तो कुणाला सांगता येत नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की दुःखाने माझं डोकं फिरलंय.

मी फोटो काढते. हौस म्हणून सुरुवात केली, पुढे कॉलेजचे कार्यक्रम, विहारातले कार्यक्रम, ओळखीतल्यांची लग्नं असं वाढत गेलं. मी अंदाजाने काढायची. भावाला अंदाज सहन व्हायचा नाही. तो आयटीआयचा फिटर. घरात खिळा ठोकायचा तरी खिशातून टेप निघायची. एका रविवारी माझा फोटो फसला, पुतणीचं नाक स्पष्ट आणि डोळे पुसट, तेव्हा त्याने माझा फोन घेतला आणि त्यात ते ॲप घालून दिलं.

"ताई, तो डबा किती लांब आहे?"

"असेल सात-आठ फूट."

"असेल म्हणजे? ग्रंथालयात पुस्तकं अशीच लावतेस का? असेल इकडेच कुठेतरी?"

"तू शहाणा आहेस."

"मी नाही, हे ॲप शहाणं आहे. बघ तर खरं."

मग त्याने हॉलमध्ये पुतणीचे रंगीत खडू एका ओळीत उभे केले, दर दहा सेंटिमीटरला एक. कॅमेरा पाटावर ठेवला. ॲपमध्ये लेन्सचा आकडा घातला, ॲपर्चरचा घातला, टेपने मोजलेलं अंतर घातलं. ॲपने दोन आकडे दिले: इथपासून इथपर्यंत स्पष्ट दिसेल, त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं पुसट. फोटो काढला. हिरव्या खडूपासून जांभळ्यापर्यंत स्पष्ट आणि बाकीचे धुक्यात, अगदी ॲपने सांगितलं होतं तसंच. भावाला इतका आनंद झाला की त्याने भावजयीला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. तिचे हात पिठाचे होते. ती म्हणाली, "खडूचे फोटो काढताय? दोघंही कामातून गेलेत."

ज्यांनी कधी कॅमेरा हातात धरला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. लेन्स एका अंतरावर नजर रोखते. त्या अंतराच्या थोडं पुढे आणि थोडं मागे, एवढीच जागा नीट दिसते. लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, मोठं ठेवलं तर ती जागा अरुंद होते, पण उजेड भरपूर मिळतो. भोक लहान केलं तर ती जागा रुंदावते, पण उजेड कमी पडतो. मग जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि हात हलतो. हा सगळा देवघेवीचा हिशेब ॲप एका सेकंदात करतं. खाली जाहिरातीची पट्टी सरकत असते. आकडे बरोबर असतात. मी कितीतरी वेळा तपासले, एकदाही चुकले नाहीत. माझी आणि ॲपची ओळख अशी आहे.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. या वर्षी नवीन प्रेस आली होती, मालक कुटुंबासह येणार होते, आणि एचआरच्या माणसाला चांगले फोटो हवे होते. भावाने माझं नाव सुचवलं. "माझी बहीण काढते. मोजूनमापून काढते," असं त्याने सांगितलं असणार. त्याला या गोष्टीचा अभिमान होता.

आमच्या घरी खंडेनवमी नसते. दसरा आमच्याकडे वेगळ्या कारणाने मोठा असतो. विहारात कार्यक्रम असतो, मी त्याचेही फोटो काढते. पण भाऊ कारखान्यातल्या पूजेच्या दिवशी कधी गैरहजर राहिला नाही. आपली प्रेस तो आदल्या दिवशी रॉकेलने पुसायचा, तेलाचा थर खरवडून काढायचा, कोपऱ्यांत फडकं घालून घासायचा. पूजेला इतरांसोबत उभा राहायचा, हात जोडायचा नाही, पेढा खायचा. कुणी काही म्हणत नसे. तो म्हणायचा, "मशीन पुसणं ही पूजाच आहे की. बाकीचं त्यांचं त्यांनी करावं."

मी पोचले तेव्हा शेडमध्ये झेंडूचा आणि कटिंग ऑइलचा मिळून एक वास होता. एचआरचा माणूस तिशीचा असेल. त्याने मला सांगितलं, "मॅडम, पुढे नवीन मशीन आणि साहेबांची फॅमिली एकदम शार्प. मागे जुनी लाइन आहे ना, ती नको दिसायला. तेलाचे डाग वगैरे. सगळं ब्लर करून टाका. पेजवर टाकायचंय आपल्याला."

जुन्या लाइनीतली पहिली प्रेस माझ्या भावाची होती.

भावाने जमिनीवर खडूने रेघ मारून ठेवली होती. "ताई, इथे उभी राहा. टेपने मोजलंय. चार मीटर." मग माझ्या फोनवर वाकून त्याने आकडे घातले. पंच्याऐंशीची लेन्स. ॲपर्चर दोन पूर्णांक आठ. अंतर चार. ॲप म्हणालं: तीन मीटर त्र्याऐंशी ते चार मीटर एकोणीस.

"छत्तीस सेंटिमीटर मिळाले," तो म्हणाला. "फॅमिलीला एका रेषेत उभं कर. पोट कुणाचं पुढे येऊ देऊ नको."

"आणि तू कुठे उभा राहणार?"

"माझ्या मशीनपाशी. मी ब्लरमध्ये. मला सांगितलंय ना साहेबांनी, जुनं दिसू नये म्हणून."

हसत बोलला. मीही हसले.

पहिला फोटो मी उजेड पाहण्यासाठी काढला. तो अकराच्या ॲपर्चरला होता, म्हणजे भोक बारीक, मागचं बरंच दिसेल असा. ॲपने आधीच बजावलं होतं की एका सेकंदाचा पंधरावा भाग लागेल, हात हलेल. हललाच. स्क्रीनवर मी मालकांचा चेहरा मोठा करून पाहिला. दोन-दोन डोळे दिसत होते. फोटो पुसला. मग दोन पूर्णांक आठला एकोणचाळीस फोटो काढले. सगळे उत्तम आले. एचआरचा माणूस म्हणाला, "वा मॅडम, मागचं काहीच दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी विहारातल्या कार्यक्रमासाठी तेच कार्ड मी कोरं करून वापरलं. नवमीचे फोटो त्याआधी कॉम्प्युटरवर उतरवले होते. पुसलेला अर्थातच त्यांत नव्हता.

आठव्या दिवशी कंपनीकडून एक टिपण आलं. प्राथमिक, असं वर लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: "मयत कामगाराने काम लवकर उरकण्यासाठी सुरक्षा गार्ड स्वतः काढल्याचे दिसते."

प्रेसच्या तोंडावर एक पिवळी जाळी असते, चौकटीत बसवलेली. तिला गार्ड म्हणतात. ती वरच्या दोन हुकांना लटकते आणि एक खटका दाबते. जाळी जागेवर नसेल तर खटका सुटतो आणि प्रेस चालत नाही. माणसाचा हात आत जाऊ नये, एवढ्यासाठी ती सोय आहे. टिपणाचं म्हणणं असं की माझ्या भावाने ती काढली आणि खटका चिकटपट्टीने दाबून ठेवला.

भावजयीने तो कागद तीनदा वाचला. ती शिवणकाम करते; कापडावर खडूची खूण शोधावी तसं बोट ठेवून वाचते. तिचं बोट एका शब्दावर थांबलं.

"ताई, जे द्यायचं ते ते देतील. मला त्याचं नाही. हे 'स्वतः' तेवढं काढायला सांगा."

"सांगते."

"उद्या पोरगी मोठी होईल. कुठूनतरी हा कागद तिच्या हाताला लागेल. बाप आपल्या हाताने मेला, असं वाचायचं का तिने?"

मी पुन्हा म्हटलं, सांगते.

माणूस गेल्यावर आमच्यात होतो त्या जलदानविधीला महाळुंग्याचे एक जुने ऑपरेटर आले. भावाच्या शेजारच्या प्रेसवर काम करायचे, निवृत्तीला टेकलेले, मूळचे तिथलेच. ते आत बसेनात. चपलांच्या ढिगाजवळ घुटमळत राहिले. मी त्यांना जिन्यात घेऊन गेले.

"ताई, म्या सांगतो ते आयका," ते म्हणाले. "पन म्या सांगितलं असं कुटं म्हनू नका."

"सांगा."

"नवमीसाटी पुसापुशी केली तवाच सगळ्यांचं गार्ड काडून भितीला लावलं व्हतं. सुपरवायझरनं त्याच हुकांना झेंडूचं तोरन बांदलं. मुहूर्ताचा एक स्ट्रोक मारत्यात ना नारळ फोडून, त्यासाटी खटक्याला पट्टी बी त्यानंच लावली. दसऱ्याला सुट्टी. तिसऱ्या दिशी सकाळी आमी आलो, तर तोरन तसंच."

"मग काढलं का नाही?"

"आसं कसं काडनार? ज्यानं पूजा मांडली त्यानंच हालवायची आस्ती. त्यो जनरल शिफ्टला, नवाला येनार. तुमच्या भावानं त्याला फोन लावला. म्हनला, तोरन सोडून घेतो, गार्ड चढवतो, मग चालू करतो. त्यो तिकडून म्हनला, हात लावू नको, मी आल्यावर हालवतो, तवर असंच चालव, माल गेला पायजे."

"आणि याने ऐकलं?"

"न्हाई. ह्यो तरी हुकाला हात घालाय गेला. तवा पलीकडचा एक जन बोलला."

"काय बोलला?"

"जाऊ द्या, ताई."

"काय बोलला ते सांगा."

त्यांनी जिन्याच्या कठड्याकडे पाहत सांगितलं. "म्हनला, तुमच्यात न्हाई म्हून आमची पूजा मोडतो व्हय रं?"

"मग?"

"ह्यो हसला. हात मागं घेतला. म्हनला, बरं बाबा, राहू दे. आन् बटन दाबलं."

मी विचारलं, "तुम्ही तिथेच होतात. तुम्ही काय म्हणालात?"

"आमी काय म्हननार."

"हे लिहून द्याल?"

"माजं पाच म्हयनं ऱ्हायलेत, ताई."

मला जिन्यातल्या त्या माणसाचा तिरस्कार वाटला. आजही वाटतो, आणि तरीही त्या सगळ्या कारखान्यातून माझ्या घरापर्यंत आलेला तो एकटाच होता, हेही मला माहीत आहे. अकरा वर्षं ज्या माणसाने कुणाच्या पूजेला नाक मुरडलं नाही, त्याला एका टोमण्याने बोट हुकावरून काढायला लावलं. माझ्या भावाला भांडता येत नव्हतं. आमच्या घरात कुणालाच येत नाही. आम्ही वाचतो, मोजतो आणि बाजूला होतो.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी मी नवमीचे फोटो उघडले.

आता वाचणाऱ्याला वाटेल की मी त्या शेडमध्ये होते, कॅमेरा घेऊन होते, मग गार्ड नव्हता हे मीच सांगू शकते. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. नवीन प्रेसचा रंग आठवला, मालकांच्या सुनेच्या साडीचा काठ आठवला, जमिनीवरची खडूची रेघ आठवली. भावाच्या प्रेसचं तोंड आठवेना. जे दाखवायचं नाही असं ठरलं होतं, त्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

एकोणचाळीस फोटोंत मागे तेच होतं: राखाडी डाग, त्यावर वरच्या बाजूला पिवळा पट्टा, पट्ट्याच्या डावीकडे उभी निळी आकृती. ती आकृती भाऊ. पिवळा पट्टा म्हणजे गार्डची वरची पट्टी असू शकत होती किंवा झेंडूचं तोरण. दोन्ही पिवळी.

मी ॲप उघडलं. त्यात शेवटचे आकडे तसेच होते. पंच्याऐंशी, दोन पूर्णांक आठ, चार.

मला मागच्या प्रेसचं नेमकं अंतर हवं होतं. कंपनीत मोजायला कुणी मला आत सोडणार नव्हतं. मी त्या ऑपरेटरांना फोन केला. "लिहून देऊ नका. एवढं मोजून द्या." भावाची टेप मी त्यांना चाकणच्या बसथांब्यावर नेऊन दिली. मोजायला ते तयार झाले. मोजणं म्हणजे साक्ष नव्हे, असं त्यांच्या मनाने ठरवलं असावं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "खडूची रेग अजून हाय थितं. नव्या मशीनच्या म्होरनं जुन्या मशीनच्या हुकापातूर पाच मीटर, वर चार बोटं."

म्हणजे माझ्यापासून नऊ मीटर. आकडे घातले. तिथे प्रत्येक रेषा किती पसरली असेल ते ॲपने सांगितलं, आणि मी वही घेऊन त्याचा प्रत्यक्षातला आकार काढला: चार सेंटिमीटर. चार सेंटिमीटरपेक्षा बारीक जे काही असेल, जाळीची तार, हूक, फुलाची पाकळी, ते सगळं विरघळून गेलेलं. त्याहून मोठं जे, ते आकाराने ओळखता येईल. गार्डची चौकट पाच सेंटिमीटरच्या पट्टीची. म्हणजे गार्ड असता तर दोन्ही बाजूंना दोन उभे पिवळे पट्टे फिके का होईना पण दिसले असते. आणि तोरण मध्ये खाली झुकतं. लोखंडी पट्टी झुकत नाही.

फोटोतला पट्टा मध्ये खाली झुकलेला होता.

उभे पट्टे पाहायला मी फोटो मोठा केला. उजवीकडे मालकांचा खांदा आड येत होता. डावीकडे, चौकट जिथे असायला हवी बरोबर तिथे, माझा भाऊ उभा होता. एकोणचाळीस फोटोंत तो एकदाही हलला नव्हता. त्याला ब्लरमध्ये राहायला सांगितलं होतं आणि तो राहिला होता.

मग मी एक चूक केली. ॲपर्चरच्या जागी अकरा हा आकडा घालून पाहिला. पसरण्याचं माप एक सेंटिमीटर आलं. पुसलेल्या त्या पहिल्या फोटोत हात हलला होता हे खरं, पण तोरण तोरण म्हणून आणि भिंतीला टेकवलेला गार्ड गार्ड म्हणून ओळखता आला असता. किती दिसलं असतं हे न कळतं तर बरं झालं असतं. ॲपने ते सेंटिमीटरमध्ये सांगितलं, आणि खाली जाहिरात सरकली: तुमचे आठवणीतले क्षण फ्रेम करून घ्या.

अपघाताची सरकारी चौकशी लागली होती; तिच्यासाठी मी चार पानांचं टिपण लिहिलं. आकृती काढल्या, तोरणाच्या झुकावाचं माप दिलं. चौकशीच्या दिवशी निघताना भावजय दारात आली.

"ताई, तिथे सरळ सांगा, गार्ड नव्हता म्हणून. तुम्ही होतात की तिथे."

"मी पाहिलं नाही गं."

"पण नव्हताच ना?"

"नव्हताच."

"मग?"

मी चप्पल घातली. "फोटोवरून कळतंय त्यांना. मी सगळं मोजून लिहिलंय."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी ती त्या खडूंकडे पाहत होती.

चौकशीच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला कंपनीचे तिघे होते. सुपरवायझर, एचआरचा माणूस, सेफ्टीचा अधिकारी. मधे सरकारी निरीक्षक, वयस्कर, चष्मा नाकावर उतरलेला. ऑपरेटर भिंतीकडच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "म्या माज्या मशीनवर व्हतो. काय दिसलं न्हाई." फोनबद्दल सुपरवायझर म्हणाला की फोन आला होता, पण मालाबद्दल बोलणं झालं.

निरीक्षकांनी माझी पानं उलटली. आकडेमोडीपाशी थांबले. "हे तुम्ही केलं?"

"हो. ॲपवर आणि वहीत."

"चांगलं आहे," ते म्हणाले. मला वाटतं त्यांनी ते मनापासून म्हटलं.

सेफ्टीचा अधिकारी म्हणाला, "सर, तोरण गार्डवरूनही बांधलेलं असू शकतं. पट्टा झुकलेला आहे म्हणून खाली गार्ड नाही असं कसं म्हणता येईल?"

"चौकटीचे उभे पट्टे दिसत नाहीत," मी म्हटलं.

"एका बाजूला साहेब आहेत. दुसऱ्या बाजूला तुमचे भाऊच उभे आहेत, मॅडम."

एचआरचा माणूस टेबलावरचं बिस्किट मोडत म्हणाला, "आणि ब्लर तर मॅडमनीच केलंय."

"तुम्ही सांगितलं होतंत."

"मी ब्लर करा म्हटलं. किती करा हे मी कुठे सांगितलं? ते तुमचं ॲप."

त्याचं बोलणं बरोबर होतं. मला त्याचं तोंड बिस्किटासकट बंद करावंसं वाटलं, आणि त्याचं बोलणं बरोबर होतं.

निरीक्षकांनी चष्मा काढला. "बाई, हे सगळं राहू द्या बाजूला. तुम्ही पूजेच्या दिवशी तिथे प्रत्यक्ष होतात. त्या मशीनला गार्ड नव्हता, हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

त्यांनी पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं. मला आज असं वाटतं की ते वाट पाहत होते. एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द ज्या गोष्टीबद्दल होता ती गोष्ट खरी होती. सुपरवायझर खाली पाहत होता. त्याला माहीत होतं, ऑपरेटरांना माहीत होतं, मला माहीत होतं. त्या खोलीत कुणी खोटं पकडू शकलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "पाहिलं नाही."

त्यांनी लिहून घेतलं.

घरी आल्यावर भावजयीने मशीन थांबवून विचारलं, काय झालं. मी जसंच्या तसं सांगितलं. तिने हातातलं कापड घडी करून ठेवलं.

"हो म्हणायचं होतं, ताई."

"खोटं झालं असतं."

"काय खोटं? होता का गार्ड?"

"नव्हता."

"मग खोटं काय त्यात?"

मी पिशवी खुंटीला अडकवली.

"तिकडे सगळे खोटं बोलले," ती म्हणाली. "त्यांच्या पोटासाठी बोलले. तुम्हाला तुमच्या भावासाठी एक शब्द जड झाला. चार पानं लिहिली. चार पानं कोण वाचतंय?"

तिच्या प्रश्नाला उत्तर आहे. पाहिलं असणं आणि माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साक्ष पहिल्या गोष्टीची असते. हे उत्तर बरोबर आहे. ते मी तिला दिलं नाही, कारण बरोबर उत्तरांचा मला आता भरवसा वाटत नाही. ॲपची सगळी उत्तरं बरोबर होती.

कधी कधी ग्रंथालयात दुपारी कुणी नसतं तेव्हा मी तो "हो" मनात म्हणून पाहते. आवाज सहज निघतो.

अहवाल उन्हाळ्यात आला. त्यात लिहिलं आहे: "गार्ड नेमका कोणी व केव्हा काढला याबाबत निश्चित निष्कर्ष काढता आला नाही. सादर केलेले छायाचित्र अस्पष्ट असल्याने विचारात घेतलेले नाही." भावजयीने बोट ठेवून वाचलं आणि कागद माझ्याकडे दिला. "ह्यांनी काढला नाही, असं कुठे लिहिलंय?" तिने विचारलं. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"स्वतः" हा शब्द आता अहवालात नाही. भावाचं नावही नाही. मयत कामगार असं आहे. भावजय माझ्याशी कामापुरतं बोलते: दळण, पाणी, पुतणीच्या शाळेची वेळ. घरात आम्ही तिघी राहतो.